१५ खाटांच्या दवाखान्याच्या तपासणीला नेमकं कोण कोण येतं?

हिशेबी_भाऊ (धागाकर्ता)
मंडळी, आपल्या नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेत १०-१५ खाटांचे दवाखाने गल्लीगल्लीत आहेत. एक ऑपरेशन थिएटर, एक सोनोग्राफी, एक एक्सरे, खाली औषधाचं दुकान. अशा दवाखान्याचं ऑफिस सांभाळणाऱ्यांसाठी हा धागा काढतोय. तपासणीला कोणत्या खात्याची माणसं येतात आणि काय बघतात? आणि त्यांनी जे बघितलं त्यावरून दवाखाना बरा की वाईट हे ठरतं का?
माझं मत आधीच सांगून टाकतो. ठरत नाही. सात-आठ खाती येतात, प्रत्येक जण आपलं रजिस्टर चाळून जातो, आख्खा दवाखाना कोणीच पाहत नाही.
एक बारका प्रश्नही आहे. सोनोग्राफीची खोली पहिल्या मजल्यावरून तळमजल्यावर आणायची. इमारत तीच, मशीन तेच. कोणाला कळवावं लागतं का?

सावजी_रस्सा
कोण कोण येतं? सगळेच येतात भाऊ, फक्त ज्याची वाट पाहून राहिले तो लिफ्टवाला येत नाही.

फायलीतला_उंदीर
क्रमाने घेऊ.
पाया म्हणजे १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा. आधी नावात मुंबई होतं, आता महाराष्ट्र आहे. शहरात नोंदणी मनपाच्या आरोग्य विभागात, वाडी-हिंगण्याकडे शहराच्या हद्दीबाहेर गेलात की जिल्हा पातळीवर. नोंदणी तीन वर्षांची असते आणि ३१ मार्चला संपते. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये आरोग्य विभागात ही गर्दी! केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. बाहेरच्या राज्यातल्या सल्लागाराने दिलेली यादी इथे जशीच्या तशी लावू नका.
हा कायदा ज्या ठिकाणी रुग्ण ठेवून घेतात त्यांच्यासाठी आहे. नुसती ओपीडी असेल तर तो लागत नाही. मात्र 'सलाइन लावून दोन तास झोपवतो' म्हणत मागे चार खाटा टाकल्या असतील, तर त्याला ओपीडी म्हणता येत नाही.
बाकी सोनोग्राफीला पीसीपीएनडीटी (गर्भलिंग निदान रोखणारा कायदा), गर्भपात केंद्राला वेगळी मान्यता, जैववैद्यकीय कचऱ्याला प्रदूषण नियंत्रण मंडळ, आगीला मनपाचं अग्निशमन खातं, एक्सरेला अणुऊर्जा नियामक परिषद, औषध दुकानाला एफडीए, म्हणजे अन्न व औषध प्रशासन. सातही खाती स्वतंत्र, एकाचा कागद दुसऱ्याला चालत नाही.

गोरेवाड्याचा_बिबट्या
त्यात 'बी फॉर्म आणा' म्हटलं की कोणता आणायचा? सोनोग्राफीच्या नोंदणीचं प्रमाणपत्र बी, गर्भपात केंद्राच्या मान्यतेचं प्रमाणपत्र बी, आग प्रतिबंधाचा सहामाही दाखलाही बी. आणि सी म्हणाल तर नर्सिंग होमचं प्रमाणपत्र सी, गर्भपाताच्या संमतीचा कागदही सी. शाळेत इतकी बाराखडी गिरवली असती तर!

फायलीतला_उंदीर
@बिबट्या, हसू नका, चुकीची फाईल पुढे जाते ती याच्यामुळेच. प्रत्येक खात्याची फाईल वेगळ्या रंगाची ठेवा आणि वर कायद्याचं नाव लिहा, फॉर्मचं अक्षर नको.

पिवळी_पिशवी
कचऱ्याचं मी सांगते. २०१६ चे नियम. खाटा किती हे विचारायचंच नाही, दाताचा दवाखाना, पॅथॉलॉजी, जनावरांचा दवाखाना, सगळ्यांना लागू. पिवळ्यात रक्ताने भिजलेला कापूस, ड्रेसिंग, बाळंतपणातली वार, काढलेले अवयव, मुदत संपलेली औषधं. लाल म्हणजे प्लास्टिक: सलाइनच्या नळ्या, सुई काढलेली सिरिंज, हातमोजे, कॅथेटर. पांढरा न टोचणारा डबा सुया-ब्लेडसाठी, निळ्या खुणेचा डबा काचेसाठी.
आता नेहमीच्या चुका. युरिन बॅग भरलेलीच लाल पिशवीत टाकतात. आधी ती रिकामी करायची. अँप्यूल आणि औषधाच्या काचेच्या बाटल्या पांढऱ्यात जातात, त्या निळ्यात हव्या. केमोच्या बाटल्या मात्र निळ्यात नाही, पिवळ्यात. सुईला टोपण लावून टाकण्याची सवय तर हाडात भिनलेली, आणि सुई टोचण्याचे बरेच अपघात त्या टोपणापायीच.
तपासणीस पहिल्यांदा काय बघतो? साठवण खोली. ४८ तासांपेक्षा जास्त कचरा ठेवता येत नाही. गाडी रविवारी आली नाही, सोमवारी सुट्टी पडली, की मंगळवारी सकाळी तुम्ही ४८ तासांच्या बाहेर. मे महिन्यात ४५ अंशांत ती खोली काय होते ते न सांगितलेलं बरं. गाडी आली नाही तर लगेच लेखी कळवा आणि त्याची प्रत फाईलला लावा.
दुसरं, पिशवीवरचा बारकोड. उचलताना स्कॅन होतो, वजन चढतं. तुमच्या रोजच्या रजिस्टरातलं वजन आणि गाडीवाल्याच्या पावतीचं वजन जुळलं पाहिजे. वर्षाचा अहवाल फॉर्म चारमध्ये ३० जूनच्या आत. कर्मचाऱ्यांचं हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताचं लसीकरण झाल्याची नोंदही मागतात, तिथे बरेच जण अडकतात.

सावजी_रस्सा
आणि डब्यातल्या पोह्याचा कागद? तर्री लाल आहे म्हणून लाल पिशवीत टाकू का?

पिवळी_पिशवी
साध्या कचऱ्यात, मनपाच्या गाडीत! पण हसण्यावारी नेऊ नका. नातेवाईकांचं जेवण पिवळ्या पिशवीत जाणं हीच सगळ्यात मोठी भेसळ आहे. वॉर्डात साधी कचराकुंडी दाराजवळ आणि पिवळी खाटेजवळ ठेवली तर लोक जवळचीच वापरणार. अदलाबदल करा, निम्मी भेसळ थांबते.

वार्डातली_ताई
धागाकर्त्याच्या दुसऱ्या प्रश्नाला हात घालते. रजिस्टर बघून काही कळत नाही हे मला मान्य नाही. रजिस्टर वाचता आलं पाहिजे.
औषधांच्या फ्रिजचं तापमान दोन ते आठ अंश, दिवसातून दोनदा लिहायचं. नागपूरच्या मे महिन्यात, वीज जात-येत असताना, महिनाभर ६२ नोंदी एकाच पेनाने, एकाच हाताने, सगळ्या '४.०'. म्हणजे थर्मामीटर कोणी पाहिलाच नाही. खऱ्या रजिस्टरमध्ये ३.५, ५, ६.५ असे आकडे दिसतात, कधी ९ दिसतो आणि त्यापुढे 'वीज गेली, औषध दुसऱ्या फ्रिजला हलवलं' असं लिहिलेलं असतं. मी तपासणीला असते तर ९ लिहिणाऱ्याला पूर्ण गुण दिले असते.
तसंच ऑटोक्लेव्हचं, म्हणजे वाफेने हत्यारं-कपडे निर्जंतुक करणाऱ्या यंत्राचं. डब्यावरच्या टेपला काळे पट्टे आले म्हणजे झालं असं समजतात. टेप एवढंच सांगते की डबा तापला. आत वाफ पोचली का, हे डब्याच्या मधोमध ठेवलेल्या रासायनिक पट्टीवरून कळतं, आणि जंतू खरंच मेले का हे आठवड्याच्या स्पोअर चाचणीवरून. डबा ठासून भरला की बाहेरची टेप काळी आणि मधला गाऊन कोरा. रजिस्टरात १२१ अंश, १५ पौंड, २० मिनिटं रोज लिहिलंय, पण स्पोअर चाचणीचा एकही कागद नाही, तर पुढे काही विचारायची गरज उरत नाही.

उलट_तपासणी
ताई, तुम्ही म्हणता तसं वाचणारा तपासणीस येतो कुठे? पथक येणार हे आदल्या दिवशी कळलेलं असतं. त्या दिवशी पाट्या चमकतात, तीनही पाळ्यांच्या नर्सा एकाच पाळीत दिसतात. मी धागाकर्त्याच्या बाजूने.

वार्डातली_ताई
@उलट_तपासणी, नर्सा एका दिवसात गोळा करता येतात, त्यांचं रात्रपाळीचं हजेरीपत्रक नाही. ते आणि केसपेपरवरच्या रात्री दोनच्या सह्या शेजारी ठेवा. ज्या ताईचं नाव हजेरीत नाही तिची सही केसपेपरवर कशी, एवढंच विचारायचं.

काळा_कोट_सिव्हिल_लाइन्स
पीसीपीएनडीटीबद्दल कोणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण सगळ्यात जास्त खटले तिथे होतात.
गर्भलिंग निदानावर देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा १९९४ चा, अंमल १९९६ पासून, आणि २००३ मध्ये तो गर्भधारणेपूर्वीच्या तंत्रांनाही लागू झाला. नोंदणी पाच वर्षांची, नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या ३० दिवस आधी. महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेच्या आत. कागदपत्रं दोन वर्षं जपायची, खटला सुरू असेल तर तो निकाली निघेपर्यंत. आणि समुचित प्राधिकाऱ्याने, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याने, प्रत्येक केंद्र दर ९० दिवसांतून एकदा तपासायचंच, असा नियम २०१४ पासून आहे.
आता एफ फॉर्म, म्हणजे सोनोग्राफी कोणाची आणि कशासाठी केली याची नोंद. दर गर्भवती स्त्रीमागे एक. सापडणाऱ्या चुका ठरलेल्या: पाठवणाऱ्या डॉक्टरची चिठ्ठी जोडलेली नाही, आधीच्या मुलांची संख्या-लिंग-वय रिकामं, तपासणीच्या २३ कारणांपैकी एकावरही खूण नाही, किंवा खूण एकावर आणि अहवालात भलतंच. स्त्रीची सही आहे पण डॉक्टरच्या प्रतिज्ञापनावर सही नाही. हुशार अधिकारी फॉर्म वाचण्याआधी मोजतो. फॉर्म किती, रजिस्टरात नोंदी किती, पावत्या किती फाडल्या, मशीनच्या मेमरीत त्या तारखांना किती तपासण्या. हे चार आकडे जुळले तर पुढे अक्षरं बघायची. मशीनचं घड्याळ चुकलं असेल तर आकडे जुळत नाहीत आणि विनाकारण घाम फुटतो, म्हणून घड्याळ रोज सकाळी बघा.

रामदासपेठ_डॉक
आणि एक रकाना रिकामा राहिला म्हणून डॉक्टरवर फौजदारी! गुन्हा गर्भलिंग सांगण्याचा, शिक्षा शुद्धलेखनाची.

काळा_कोट_सिव्हिल_लाइन्स
@रामदासपेठ_डॉक, हाच मुद्दा स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात मांडला होता. २०१९ मध्ये तो फेटाळला गेला. न्यायालयाचं म्हणणं असं की एफ फॉर्म भरणं ही कारकुनी नाही. लिंग सांगितल्याचा पुरावा कोणी मागे ठेवत नाही, तपासणी कशासाठी केली हे सांगणारा तेवढा एकच कागद असतो, तोच अर्धवट सोडला तर कायद्यात उरतं काय? तुमची चीड समजते, पण कायदा आज असा आहे.

रामदासपेठ_डॉक
कायदा मान्य. शुद्धलेखन आणि गुन्हा यांत फरक करणारा अधिकारी मिळो, एवढंच.

किरण_उत्सुक
एक्सरे राहिलाच की राव. परवाना अणुऊर्जा नियामक परिषदेच्या ऑनलाइन पोर्टलवरून, मशीनची गुणवत्ता चाचणी दोन वर्षांतून एकदा. खोलीची भिंत नऊ इंची विटेची, दाराला शिशाचा पत्रा, दारावर लाल दिवा.
गोंधळ टीएलडी बिल्ल्यात होतो, म्हणजे कर्मचाऱ्याला किती किरणोत्सार लागला ते मोजणाऱ्या बिल्ल्यात. बिल्ला छातीवर, शिशाच्या एप्रनच्या आत लावायचा आणि तिमाहीला वाचायला पाठवायचा. सुट्टीवर जाताना तो एक्सरे खोलीतल्याच खिळ्याला टांगून जातात, मग तीन महिन्यांचा डोस खिळ्याला मिळतो आणि नोटीस माणसाला. तुलनेसाठीचा कंट्रोल बिल्लाही किरणोत्सारापासून लांब, ऑफिसात ठेवायचा. एप्रन घडी घालून ठेवला की आत शिसं तडकतं, वरून काही दिसत नाही. आडव्या दांडीवर टांगा.

सीताबर्डी_एक्सप्रेस
आगीबद्दल बोला कोणीतरी. भंडारा इथून तासाभरावर आहे. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात १० बाळं गेली.

तांबडी_गाडी
म्हणून तर लिहायला बसलो. २००६ चा राज्याचा आग प्रतिबंधक कायदा म्हणतो की परवानाधारक एजन्सीने यंत्रणा तपासून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, दाखला द्यायचा. तोच वर बिबट्याने सांगितलेला बी. दाखला फाईलला असतो, पंप मात्र 'ऑटो'वर नसतो. एजन्सीवाला आला की त्याच्यासमोर हायड्रंटचा व्हॉल्व्ह उघडा, पाणी शेवटच्या मजल्यावर दाबाने पडतं का बघा, मगच सही घ्या.
आयसीयू आणि नवजात कक्षात आग का भडकते? एसी २४ तास, व्हेंटिलेटर, वॉर्मर, मॉनिटर, सगळं मूळ वायरिंगने न पेलण्याइतकं. वर एक्स्टेन्शन बोर्डाला आणखी एक बोर्ड. नागपूरच्या उन्हाळ्यात वाढीव एसी बसतो, मंजूर भार तोच राहतो. त्यात ऑक्सिजन गळत असेल तर साधी ठिणगीही पडद्याला धरते. खिडक्या एसीसाठी पक्क्या बंद, म्हणून धूर आतच राहतो. बहुतेक जण जळून नव्हे, धुराने जातात.
आग विझवायच्या सिलिंडरचं एक. एबीसी पावडरच्या सिलिंडरला काटा असतो, हिरव्यात हवा. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला काटाच नसतो, तो वजन करून तपासतात. 'काटा बघितला' असं रजिस्टरात त्याच्यापुढे लिहिलेलं दिसलं की समजायचं.
आणि मागचा जिना. चोऱ्या होतात म्हणून कुलूप, किल्ली वॉचमनच्या खिशात, वॉचमन चहाला.

सावजी_रस्सा
वॉचमनची टपरी कोणती तेही रजिस्टरात लिहा मग.

नंदनवनवासी
एसीचं ठीक आहे, छोट्या दवाखान्यांत अजून कूलरच आहेत. त्याची तपासणी होते का?

वार्डातली_ताई
होते, पण डासांसाठी. मनपाचं पथक टाकीत अळ्या बघतं. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो, म्हणून आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासून कोरडी करायची. सप्टेंबरात कूलर बंद होतो, पाणी तसंच राहतं, खरा घोळ तिथे. जनरल वॉर्डात कूलर समजू शकते, ऑपरेशन थिएटरच्या जवळपासही नको. तो बाहेरची धूळ ओली करून आत फेकतो.

लक्ष्मीनगर_आजोबा
थोडं विषयांतर करतो, माफ करा. दवाखान्यांवर एवढी खाती, मग वृद्धाश्रमांवर कोण?

काळा_कोट_सिव्हिल_लाइन्स
काका, विषयांतर नाही, मूळ दुखणं तेच आहे. बालगृहाचं बघा: २०१५ च्या बाल न्याय कायद्याने नोंदणी सक्तीची, तपासणी समितीने तीन महिन्यांतून एकदा तरी जायचं, पथकात किमान तीन जण, त्यात एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी, अहवाल आठवड्यात. मानसिक आरोग्याच्या संस्थांना २०१७ चा कायदा, दर तीन वर्षांनी ऑडिट. दारू सोडवण्यासाठी भरती करणारी केंद्रंही त्यातच येतात, बऱ्याच चालकांना हे ठाऊक नसतं. वृद्धांसाठी २००७ चा कायदा आहे, पण त्याचा भर पोटगीवर आणि सरकारने जिल्ह्यात निराधारांसाठी आश्रम काढावा यावर. खासगी वृद्धाश्रमात रात्री किती माणसं हवीत, पलंगावरच्या आजींना किती वेळाने कूस बदलून द्यायची, हे तिमाहीला जाऊन बघणारी बालगृहासारखी समिती त्यात नाही.

लक्ष्मीनगर_आजोबा
मग घरच्यांनी काय बघायचं?

वार्डातली_ताई
काका, पाठ आणि टाचा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं असतं. माकडहाडावर किंवा टाचेवर दाबलं तरी न जाणारी लाली दिसली की वळवत नाहीत हे नक्की. भेटीची वेळ सोडून, जेवणाच्या वेळी जा, आणि खाऊ घालणारे हात किती ते मोजा.

उलट_तपासणी
आणि सरकारी दवाखाने? मेडिकल-मेयोवर यातलं काय लागतं?

फायलीतला_उंदीर
१९४९ ची नोंदणी नाही. कचरा, सोनोग्राफी, आग, एक्सरे मात्र सगळं लागतं. वर केंद्राची गुणवत्ता मानकं, एनक्यूएएस, २०१३ पासून. प्रत्येक मुद्द्याला शून्य, एक किंवा दोन गुण, ७० टक्क्यांशिवाय प्रमाणपत्र नाही. यात तपासणीस चार तऱ्हांनी बघतो: स्वतः पाहून, कर्मचाऱ्याला विचारून, नोंद वाचून, रुग्णाला विचारून. नर्सला 'हात धुण्याच्या पायऱ्या करून दाखव' म्हणतात, पाटी वाचून दाखव म्हणत नाहीत. धागाकर्त्याला हवी ती 'आख्खा दवाखाना पाहणारी' तपासणी याच्याच जवळ जाते. खासगीत एनएबीएच हे रुग्णालयांचं गुणवत्ता मानांकन त्याच जातीचं आहे, पण ते ऐच्छिक.

हिशेबी_भाऊ
म्हणजे माझं मत अर्धं मागे घ्यावं लागणार. रजिस्टरं चार बाजूंनी जुळवून बघणारा आला तर बरंच कळतं. पण रुग्णाला यातलं काही दिसतं का? तपासणीचा अहवाल त्याला कुठे मिळतो?

काळा_कोट_सिव्हिल_लाइन्स
दारावर मिळत नाही. माहिती अधिकारात मनपाकडे मागता येतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत, ही महाराष्ट्राची अट. 'अमुक दवाखान्याच्या शेवटच्या तपासणीचा अहवाल आणि त्यावर केलेली कारवाई' एवढंच लिहा, निबंध लिहिला की परत येतो. उत्तराची मुदत ३० दिवस.
२०२१ च्या सुधारित नियमांनी दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलंय, मनपाला तक्रार निवारण कक्षही ठेवायचा आहे. बिल थकलं म्हणून मृतदेह अडवता येत नाही. रुग्णाच्या नोंदी मागितल्या तर ७२ तासांत द्यायच्या, हा नियम २००२ पासून डॉक्टरांवर आहे. तक्रार करताना एकाच अर्जात सगळं कोंबू नका. बिलाची तक्रार मनपाकडे, डॉक्टरच्या वागणुकीची वैद्यकीय परिषदेकडे, भरपाई हवी तर ग्राहक आयोग, तिथे मुदत दोन वर्षं.

गोरेवाड्याचा_बिबट्या
दरपत्रक लागलेलं असतं हो. एक्वेरियमच्या मागे.

हिशेबी_भाऊ
माझा सोनोग्राफीचा प्रश्न तेवढा राहिला.

फायलीतला_उंदीर
राहिला नाही, मुद्दाम शेवटी ठेवला, कारण यात मशीन सील होतं. जागा, पत्ता, मशीन किंवा तिथला कर्मचारी, यातलं काहीही बदलायचं तर प्राधिकाऱ्याला किमान ३० दिवस आधी कळवायचं आणि बदल चढवलेलं नवं प्रमाणपत्र मागायचं. इमारत तीच म्हणून सूट नाही. अर्जासोबत नव्या खोलीचा नकाशा, जुन्या प्रमाणपत्राची प्रत, मशीनची कंपनी-मॉडेल-क्रमांक, आणि खोली बदलण्याचं कारण. पोच घ्या. नवं प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत मशीन पहिल्या मजल्यावरच, प्लगही काढायचा नाही. पेंटरने घाई केली तरी नाही. 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटी आणि कायद्याची प्रत नव्या खोलीत आधी, मशीन नंतर.

किरण_उत्सुक
आणि त्याच झटक्यात एक्सरे खाली आणू नका. त्याला नवी भिंत, नवं दार, खोलीच्या आराखड्याची मंजुरी, सगळं पहिल्यापासून. सोनोग्राफीत किरणोत्सार नाही, तिचा प्रश्न नुसता कागदाचा आहे.

हिशेबी_भाऊ
पेंटर तर परवा येतोय.

सावजी_रस्सा
त्याला पहिलं जिन्याचं कुलूप रंगवायला द्या.

तांबडी_गाडी
रंगवायला नको, तोडायला द्या. आतून दाबलं की उघडणारा पॅनिक बार बसवा, चोर बाहेरून येऊ शकत नाही आणि माणसं आत अडकत नाहीत.